रुस्कामावशीचा अर्धा राहिलेला फोन

भट्टीत अजून एक ओंडका सार, मीला. आपल्या आलुबुखाराची दारू उतरायला दोन तास तरी लागतील, आणि एवढ्या धुक्यात घरी कोण जाणार?

मघाशी तू म्हणालीस, "दोब्रीकाका, आपल्या रेडिओवर फोन करणारे म्हातारे नुसतं डोकं खातात. एखादा फोन तोडला तर काय बिघडतं?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. कामेन स्तोइलोवचं काय झालं ते सांगतो, मग हसा. तुम्ही केंद्रावर लागायच्या आधी गुरुवारचा गप्पांचा कार्यक्रम तोच करायचा. तो काचेच्या आत माइकपाशी, मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी. सतरा वर्षं.

२०१७ साल. २३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी सातला कामेन पाहुणीला आणायला स्टेशनवर गेला. हिवाळ्यातल्या लोणच्यांवर पुस्तक लिहिलेल्या एक बाई सोफियाहून यायच्या होत्या. धुक्यानं गाडी वाटेतच अडकली. तासभर फलाटावर उभा राहून कामेन चीज भरलेल्या दोन गरम बानित्सा घेऊन परत आला. त्यातली एक माझ्यापुढे ठेवली.

"पाहुणी काही येत नाही," म्हणाला. "नऊ ते अकरा फोनवरच काढू. कोबी आंबवायच्या पिंपाचा विषय घेऊ. या दिवसांत पिंप कुणाच्या गॅलरीत नाही?"

आता रुस्कामावशी कोण ते सांगतो. द्रेनोवा गावचं वाचनालय चालवायची. दर गुरुवारी तिचा फोन ठरलेला. नवीन पुस्तक आलं की त्याबद्दल बोलायची, मधेच कामेनला टोमणा मारायची, "तू वाचलं नाहीयेस, कळतंय मला." लोकांना आवडायची. कामेनलासुद्धा.

त्या ऑक्टोबरात मात्र ती पुस्तकांवर बोलेना. द्रेनोवाच्या रेल्वे फाटकावरचा माणूस काढून तिथं आपोआप पडणारं फाटक बसवलं होतं, आणि धुकं पडलं की ते पडतच नव्हतं. तिनं वहीत तारखा लिहिल्या होत्या. किती वाजता कुठली आगगाडी गेली, फाटक कसं उभंच राहिलं, सगळं. ती ते वाचायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या संचालकांनी, लाझारोवनी, आम्हा दोघांना बोलावलं. ज्या कंपनीनं फाटक बसवलं तिच्या मालकाबरोबर हा माणूस रविवारी मासे पकडायला जायचा.

"पुस्तकांवर बोलू दे म्हातारीला," म्हणाला. "फाटकावर आली की गाणं लाव."

आमची एक खूण होती. कामेननं एक बोट वर केलं की मी आवाजाची पट्टी खाली ओढायची. तीन गुरुवार त्यानं बोट वर केलं. तीन गुरुवार मी पट्टी ओढली. तिसऱ्या वेळी, ९ नोव्हेंबरला, ती म्हणत होती, "कामेन, निदान सकाळच्या शिवणकामगार बायकांच्या बसला तरी सांगा, की..."

मी गाणं लावलं.

ऐकताय ना? लोकांचं रेडिओ केंद्र. लोकांचा आवाज, असं भिंतीवर लिहिलंय आमच्या.

मग रुस्कामावशीनं कुणाची वाट बघितली नाही. पहाटे धुकं असलं की लाल कंदील घेऊन स्वतःच फाटकावर जाऊन उभी राहायची. वय एकाहत्तर. १५ तारखेला सकाळी सहाला शिवणकामगार बायकांची बस आली. फाटक उभंच. मावशी रुळांवर उभी राहून कंदील हलवत होती. ड्रायव्हरनं बस थांबवली. बसमध्ये अकरा बायका होत्या, सगळ्या वाचल्या. मावशीला आगगाडीपुढून बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

आणि दुपारच्या बातम्यांत कामेननं काय वाचलं? "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे एका वृद्धेचा रुळांवर मृत्यू." लाझारोवनी वाक्य सांगितलं, कामेननं लिहिलं आणि वाचलं, मी ते नीट, स्वच्छ आवाजात गावभर पोचवलं.

२३ तारखेला तिचा नववा दिवस होता, गेलेल्या माणसाची आठवण करायचा. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघांपैकी कुणी शब्द काढला नाही.

नऊला कार्यक्रम सुरू झाला. फोनमागून फोन. मीठ किती, पाणी कधी ढवळायचं, बीट घालावं की नाही. कामेन मजेत होता. दहा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या लाइनचा दिवा लागला. मी फोन आत जोडून दिला.

"शुभ संध्याकाळ, कामेन. त्या दिवशी माझं बोलणं अर्धं राहिलं."

कामेनच्या हातातला कप तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो आवाज मी सतरा वर्षं कानात घेतलाय... चूक होणं शक्य नाही.

त्यानं बोट वर केलं.

मी पट्टी ओढली. सवयीनं. दुसरी लाइन जोडली. वारंवार फोन करणारा एक ड्रायव्हर होता, त्याचा नंबर समोर दिसत होता.

"निदान सकाळच्या बायकांच्या बसला तरी सांगा, की..."

तिचाच आवाज.

ती लाइन तोडली. पहिली घेतली. तीच. चौथी. तीच. ओरडत नव्हती. वाचनालयात बोलायची तशी, हळू. मी गाणं लावलं. गाणं चालू होतं... आणि कानावरच्या हेडफोनमध्ये गाण्याच्या मागे ती बोलतच होती.

मी हेडफोन काढला.

तरी ऐकू येत होतं.

कामेन आत पांढरा पडला होता. त्यानं पुन्हा बोट वर केलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. पट्टी खालीच होती. फोनच्या सगळ्या पट्ट्या खाली होत्या.

"कामेन," ती म्हणाली. "निष्काळजीपणा हा शब्द कुणी लिहिला?"

कामेननं कप खाली ठेवला.

"मी विचारतेय."

"मी लिहिला, मावशी." तोंडातल्या तोंडात. "लाझारोवनी सांगितला. मी लिहिला."

"मग आता नीट वाच."

एवढ्यात माझ्या टेबलावरचा अंतर्गत फोन वाजला. लाझारोव. "काय चाललंय? तोड त्याला. आत्ताच्या आत्ता तोड." सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला राग आला. त्याचा, कामेनचा, आणि माझ्या या हाताचा. मी फोन खाली ठेवला. गाणं बंद करून कामेनची पट्टी आणखी वर सरकवली आणि वरच धरून ठेवली.

कामेननं बातमी वाचली. फाटक. तारखा. कंपनीचं नाव. गाणं कुणी लावायला सांगितलं, कुणी लावलं, सगळं. माझंही नाव घेतलं. मधे मधे थांबायचा, ऐकल्यासारखा, आणि म्हणायचा, "हो मावशी... हो... तेही सांगतो." सोळा मिनिटं. मग दिवे एकेक करून विझले.

दुसऱ्या दिवशी गावात विचारलं. लोकांना कामेन तेवढा ऐकू आला होता. एक माणूस कुणाला तरी उत्तरं देतोय, मधल्या जागा रिकाम्या. त्या अकरा बायका मात्र सकाळीच केंद्राच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि लाझारोव खाली येईपर्यंत हलल्या नाहीत. नाताळच्या आत फाटकावर पुन्हा माणूस बसला. कामेनची नोकरी गेली. वार्नाला कुणाच्या तरी बेकरीची गाडी चालवतो आता. लाझारोव हारतुरे घेऊन निवृत्त झाला. कंपनीच्या मालकाला कुणी काही विचारलं नाही. अजूनही मासे पकडतो.

काय म्हणालीस, मीला? मला काही झालं का?

त्या रात्री कामेन निघून गेल्यावर मी यंत्र बंद केलं. दिवा घालवायला उठलो तेव्हा काचेवर काहीतरी दिसलं. आमच्या स्टुडिओची काच दुहेरी आहे. आवाज जाऊ नये म्हणून दोन काचा, मधे हवा, चारी बाजूंनी बंद. १९७४ साली बसवल्यापासून कुणी उघडलेली नाही. उघडताच येत नाही.

हाताचा ठसा होता. लहानसा, बाईमाणसाचा. मी माझ्या बाजूनं पुसून बघितला. गेला नाही. आत कामेनच्या बाजूला जाऊन पुसला. गेला नाही.

ठसा दोन काचांच्या मधे होता.

नीट बघितलं. कामेनच्या काचेवर नव्हता तो. माझ्या काचेवर होता, आतल्या अंगाला. समोरच्याला थांबवताना हात करावा तसा. तळवा माझ्याकडे, पट्टी ओढणाऱ्याकडे.