मागच्या टायरवरचा खडू

सांगा बरं, विश्वास ठेवायचा तर कुणावर? स्वतःच्या डोळ्यांवर, की आठ महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाच्या खडूवर? घाईनं उत्तर देऊ नका. आमचे टायरवाले शेठ घाईनंच म्हणाले होते, डोळ्यांवर.

शेठचं दुकान मोठ्या रस्त्याच्या वळणावर. पुढे काउंटर, मागे टायर बसवायची खोली, वर माळा. मागच्या खोलीत रबराचा, साबणाच्या पाण्याचा आणि गंजाचा वास कायमचा मुक्कामाला. तिथं तीस वर्षं उस्तादांनी टायर बसवले. उस्ताद म्हणजे धड नोकर नव्हेत, धड भागीदारही नव्हेत. शेठच्या तोंडावर खरं बोलणारा दुकानातला तेवढा एक माणूस.

गिऱ्हाइकाची मोटारसायकल आली की उस्ताद नक्षीकडे बघतसुद्धा नसत. उकिडवे बसून टायरच्या कडेचे चार आकडे वाचत. पहिले दोन म्हणजे कितव्या आठवड्यात बनला, पुढचे दोन म्हणजे कुठल्या साली. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघत, बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावत, आणि पिवळ्या खडूनं तिथंच लिहीत, हा कुठल्या साली काढायचा ते. "नक्षी म्हणजे केस, शेठ," ते म्हणत. "कलप लावून कुणी तरुण होत नाही. रबर आतून वाळतं." पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासायचा, दहा झाली की नक्षी कितीही देखणी असो, काढायचाच. हा त्यांचा कायदा.

कायद्यातून सुटलेली गाडी गावात एकच, खुद्द शेठची. अकरा वर्षांचे टायर. पण गाडी घरून दुकानात आणि दुकानातून घरी, एवढीच फिरायची, त्यामुळे नक्षी अगदी कोरी. लोकांना वाटतं टायरवाल्याला टायर फुकट पडतो. शेठच्या मते मात्र विकायचा माल स्वतः वापरणं म्हणजे आपल्याच दुकानात चोरी.

उस्तादांचे दवाखान्यातले शेवटचे क्षण. शेठ उशाशी, डोळ्यांत पाणी. उस्तादांनी खुणेनं जवळ बोलावलं. शेठना वाटलं, लेकराबाळांचं काही सांगतील. उस्ताद पुटपुटले, "शेठ... मागचा टायर," आणि गेले. शेठ मनापासून रडले. टायर काही बदलला नाही.

आठ महिने गेले. शेठच्या मेहुणीनं डोंगरापलीकडे घर बांधलं आणि रविवारी या म्हणून निरोप धाडला. शेठनी ठरवलं, बसमध्ये कोण चेंगरणार, आपण नवराबायको मोटारसायकलवर जाऊ. वाटेत सात वळणांचा उभा उतार, एका अंगाला दरी. शेठना त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच मंगळवारी संध्याकाळी शटर ओढायला वाकले, तर मागच्या टायरवर पिवळ्या खडूनं आकडा. ५.

शेठनी फडकं मारलं आणि घरी गेले. बुधवारी त्याच जागी ४. त्या चाराचं पोट सुटलेलं, हवा जास्त झाल्यासारखं. असा चार गावात एकच माणूस काढायचा.

शेठ पक्के व्यापारी. आधी संशय जिवंत माणसांवर. समोरच्या गॅरेजवाल्याशी गाडी लावण्यावरून जुनं भांडण होतं, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "शेठ, मला तुमच्या टायरवर लिहायचंच असतं ना, तर आकडा नसता लिहिला." घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू? अकरा वर्षांत तुम्ही नाही लावला."

गुरुवारी ३. उस्ताद गेल्यावर त्यांची खडूची डबी शेठनी कुलपात ठेवली होती, ती उघडली. बोटभर खडू ठेवला होता, उरला होता नखाएवढा. किल्ली तर शेठच्याच कमरेला. त्या दिवशी एकही टायर बसवला नव्हता, तरी मागच्या खोलीतून साबणाच्या पाण्याचा ताजा वास येत होता. आणि अंधारातून आवाज. टक... टक... टक. बोटाचं पेर रबरावर. मग थांबला. कान लावल्यावर माणूस थांबतो तसा. शेठ श्वास धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, तिकडे जो कुणी ऐकतोय, तो टायरचं नाही, आपलंच ऐकतोय.

शुक्रवारी त्यांनी गाडी सरळ घराच्या बैठकीत आणून उभी केली, दाराला आतून कडी. बायको म्हणाली, "तिला उशी देऊ का?" त्या सकाळी टायरवरचा दोन पुसूनच आणली होती, तर शनिवारी उठून बघतात तो एक.

रविवारी जेमतेम फटफटलं होतं. बाहेर दाट धुकं. शेठ गाडी ढकलत दुकानात आले. माघार घेतली, पण तीही व्यापाऱ्यासारखी. वीज गेलेली, म्हणून कंदील लावला. माळ्यावरून सात वर्षं पडून राहिलेला एक टायर काढला. असल्या मालाला शेठ चकाकीचं तेल पुसायचे आणि ताजा म्हणून विकायचे. गिऱ्हाइकाला कळत नाही, तर मेलेल्या माणसाला काय कळणार, असा हिशोब. घाम गाळत, लोखंडी पट्ट्यांनी बोटं चेचून घेत त्यांनी तो चढवला, हवा भरली आणि चाक गरकन फिरवलं. फिरताना काहीतरी पिवळं सर्रकन जात राहिलं. चाक मंदावलं, थांबलं.

'हाही नको.'

शेठ तळव्यानं ते पुसायला लागले. "उस्ताद... अहो, रस्त्याला एकदासुद्धा टेकलेला नाही हा..."

माळ्यावर टक... टक...

कंदील घेऊन शेठ शिडी चढले. वर सतरा टायर. सगळ्यांभोवती गुंडाळलेला कागद नीट सोडवून घडी घालून ठेवलेला, आणि प्रत्येकावर एकेक साल. सगळी उलटून गेलेली. फळीवर खडूचा शेवटचा तुकडा पडला होता. शेठनी उचलला. कुणीतरी आत्ताच मुठीतून सोडावा तसा कोमट.

"बरं," शेठ हळूच म्हणाले. "उद्या हे सगळे भंगारात."

टक... टक...

उस्तादांना शेठचा 'उद्या' तीस वर्षांचा ओळखीचा होता.

"आज," शेठ म्हणाले. आवाज थांबला.

सतराच्या सतरा टायर, आणि नुकताच चढवलेला अठरावाही काढून, कापून भंगारवाल्याच्या दारात टाकले. मग गेल्या महिन्यात आलेली कोरी जोडी काढून पुढचा आणि मागचा दोन्ही बदलले, आणि मगच बायकोला मागे बसवून निघाले. उताराच्या चौथ्या वळणावर रस्ताभर बारीक खडी सांडलेली, आणि वळसा घालून मालमोटार अंगावर. शेठनी ब्रेक दाबला. गाडीनं रस्ता घट्ट धरला आणि कठड्यापासून वीतभर अलीकडे उभी राहिली. मालमोटार गेली. मागून बायको बोलली.

"अहो, टायर बदललेत?"

"हो."

"उस्ताद सांगत होतेच की."

"हो."

"मग एकदम आजच कसे बदललेत? कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," शेठ म्हणाले. "सकाळी."



संध्याकाळी परतताना शेठनी दुकान उघडून खुंटीवरचा जुना मागचा टायर घेतला आणि दोन्ही हातांनी वाकवला. नक्षीच्या खोबणीखोबणीतून तो वाळल्या सालीसारखा उकलला, आतले दोरे दिसले. या खोबणीत त्यांनी अकरा वर्षं फक्त नक्षी बघितली होती.

घरी येऊन शर्ट काढला. बायको धुवायला घेता घेता थबकली. "अहो, पाठीवर हे काय लिहून आणलंत?"

शेठ वळले तोवर शर्ट बादलीत गेला होता.

"आकडा होता?"

"साल होतं."

"कुठलं?"

ती साबण चोळत राहिली. "माळ्यावरचे भंगारवाल्याच्या दारात बघितले मी. टाकलेत ना? मग झालं."

ते साल तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. फक्त तेव्हापासून दरवर्षी त्याच महिन्यात ती शेठना हाताला धरून डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर शर्ट वर करायला लावतात, पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकतात, टक... टक..., मग कान देतात. शेठना दरदरून घाम फुटतो. डॉक्टर म्हणतात, प्रकृती उत्तम. शेठ बायकोच्या तोंडाकडे बघतात. ती खिडकीबाहेर बघते.

तो खडूचा तुकडा शेठनी डबीत घालून कुलपात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी डबी रिकामी. कुणाकडे गेला, कळलेलं नाही. तेव्हा तुम्ही एवढं करा. टायरचे चार आकडे वाचा, माल कधी आला ती तारीख वहीत खरी लिहा, आणि वर्षांचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा.