डाव्या हातातला आमोस

शलाका कोठावदेने मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, डावी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि आमोस साळवेला हातावर चढवलं.

आमोस म्हणजे त्याचा सवयबंद. बाजूबंदासारखा दिसणारा एक मऊ, काळा पट्टा. पण अलीकडे ‘सवयबंद’ हा शब्द कोणाच्या तोंडी राहिला नव्हता. “आमोस चार्ज केलास ना गं?” असंच विनयाताई विचारायच्या, आणि त्यात काही विचित्र आहे असं दोघींनाही वाटेनासं झालं होतं.

गंगापूर रोडवरच्या एका कॅफेच्या गच्चीवर आज त्यांचा कार्यक्रम होता. विनया क्षेमकल्याणी स्वतः बांधलेली गाणी म्हणायच्या, शलाका कीबोर्डवर साथ करायची. असे छोटे, शांत कार्यक्रम नाशकात आता गल्लोगल्ली होत. मालक आधीच बजावायचे, “ड्रम नको, आवाज नको, लोकांना कॉफी पिताना बोलता आलं पाहिजे.” मग ताल धरायचा कोणी? तर बेस गिटारने. गाण्याच्या तळाशी चालणारा तो खर्जाचा स्वर कोणी मुद्दाम ऐकत नाही, पण तो गेला की गाणारीचा पाय सटकतो. कितीतरी वर्षं या दोघींची ती जमीन आमोसने आपल्या गिटारवर सांभाळली होती. मग त्याच्या हाताने संप पुकारला. स्नायुबंधांना सूज होती, डॉक्टरांनी काही महिने गिटारला हात लावायचा नाही असं सांगितलं, आणि खर्जाचं सगळं काम शलाकाच्या डाव्या हातावर येऊन पडलं.

ऐकायला हे सोपं वाटतं. कीबोर्डला खालचे स्वर असतातच की! पण आमोसशिवायच्या पहिल्याच कार्यक्रमात शलाकाने माती खाल्ली. कीबोर्डवाल्यांचा उजवा पाय सवयीने पेडलवर जातो. पेडल दाबलं की स्वर रेंगाळतात, आणि खर्जातले स्वर रेंगाळले की नुसता चिखल होतो. शिवाय डाव्या हाताला मध्येच भरगच्च स्वरसमूह दाबायची खोड. बेस वाजवायचा तर एका वेळी एकच स्वर, आणि तो कधी सोडायचा हे कधी धरायचा याच्याइतकंच महत्त्वाचं. “अगं, मला पाय टेकायला जागाच सापडेना,” विनयाताई त्या दिवशी म्हणाल्या होत्या. बोलणं प्रेमाचं होतं, पण शलाकाला ते झोंबलं.

सवयबंदाची कल्पना आमोसचीच. डॉक्टरांनी बंदी घातली तरी ठरलेले काही कार्यक्रम त्याला वाजवावेच लागणार होते. ते त्याने दोन्ही हातांवर बंद बांधून वाजवले. बंदाने त्याच्या स्नायूंमधले बारीक विद्युत्संदेश टिपले: कोणत्या शब्दाला कोणता स्वर घेतला, किती जोरात, कधी सोडला, गाणारी श्वास घेत असताना काय केलं. यंत्राने त्यातून आमोसची निवड शिकून घेतली. आता शलाकाच्या हातावर त्यातलाच एक बंद गाणं ऐकायचा आणि तिच्या बोटांना अलगद झटके देऊन सुचवायचा, आता ही पट्टी, आता थांब, आता सोड. दोन-तीन आठवड्यांत तिला झटके जाणवेनासे झाले. हात आपोआप चालायला लागला.

आणि तो चालला असा, की लोक कार्यक्रम संपल्यावर येऊन सांगायला लागले. विशेषतः विनयाताईंनी मुलगी परदेशी गेल्यावर बांधलेल्या गाण्याबद्दल. अंतऱ्यात ‘परत’ हा शब्द यायचा आणि त्याखालचा स्वर जरासा मागून यायचा. एखादा उसासा टाकायला लागेल इतकाच उशीर. “तिथे आतून हलतं हो,” असं एक निवृत्त बाई शलाकाचा हात धरून म्हणाल्या होत्या. शलाकाने मान लववली. तो ठहराव आपला नाही, हे सांगायचं तिच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात कॉफी आली.

आजचा गच्चीवरचा कार्यक्रमही रंगला. सामान आवरताना आमोसचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

“शलाका, डॉक्टरांनी मोकळा केला मला! हात एकदम लोण्यासारखा चालतोय. रविवारी द्राक्षमळ्यातल्या कार्यक्रमाला मी आहे, सांग ताईंना.”

“अरे वा, आमोसदादा!” शलाका म्हणाली. तिने विनयाताईंकडे पाहिलं. त्या वायर गुंडाळत होत्या, आणि जरा जास्तच मन लावून गुंडाळत होत्या.

तालीम विनयाताईंच्या घरी ठरली. आमोस सकाळीच शरणपूरहून आला. घरून त्याच्या बायकोने केलेल्या करंज्या घेऊन आला. गिटार मांडीवर घेतली तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

पहिली दोन गाणी बरी गेली. मग मुलीचं गाणं आलं. अंतऱ्यात विनयाताईंनी ‘परत’ म्हटलं, खालचा स्वर आला, आणि त्या अडखळल्या.

“आमोस, घाई करतोयस.”

“घाई? ठोक्यावर आहे मी, ताई.”

परत घेतलं, परत तेच. आमोसने फोनवर तालयंत्र लावलं. टक, टक, टक. त्याचा स्वर ठोक्यावर चपखल बसत होता.

“मग तुझ्या त्या यंत्राचं काहीतरी बिघडलंय,” विनयाताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “राग मानू नकोस रे. पण तू हाताचा बरा झालास, कानाचा अजून व्हायचा आहेस. आधी तू असा वाजवत नव्हतास. शलाका, आमोस लाव जरा. त्यालाच ऐकू दे, तो कसा वाजवायचा ते.”

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताईंना नाही म्हणायची कधी सवयच नव्हती. तिने बंद चढवला आणि वाजवलं. आमोस डोळे मिटून ऐकत होता. सुरुवातीला त्याच्या ओठांवर हसू होतं. आपली लकब दुसऱ्याच्या हातात ऐकून कोणाला बरं वाटणार नाही! ‘परत’ आलं, स्वर मागून आला, विनयाताईंचा आवाज त्यावर अलगद टेकला. आमोसचं हसू गेलं.

“पुन्हा. अंतऱ्यापासून.”

तिने पुन्हा वाजवलं. त्याने तिसऱ्यांदा वाजवायला लावलं आणि मध्येच तिचं मनगट धरलं.

“इथे का थांबलीस?”

“मी कुठे थांबले? तू थांबतोस इथे.”

आमोसने गिटार उचलली आणि डाव्या हाताची करंगळी ताणून दाखवली. “हे बघ. गिटारच्या मानेच्या या टोकाला पडदे लांब लांब असतात. या स्वरासाठी करंगळी अशी न्यावी लागते. हात बिघडला तेव्हा इथे कळ यायची, थेट कोपरापर्यंत. ती येणार हे ठाऊक असायचं, म्हणून आधीच जीव गोळा करायला थांबायचो. तेवढाच तो उशीर.” त्याने तिच्या कीबोर्डकडे बोट दाखवलं. “तुझ्याकडे तर तो स्वर शेजारीच आहे. तुला कशाला थांबायला हवं?”

बंद बांधला तेव्हा हात आधीच आजारी होता, ही एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. तापाने फणफणलेल्या माणसाचा फोटो काढावा आणि तोच कायमचा ओळखपत्रावर डकवावा, तसं झालं होतं.

“किती दिवस दुखत होतं?” शलाकाने विचारलं.

“दिवस कसले. डॉक्टरकडे जायच्या आधी वर्षभर तरी.”

“मग बोलला का नाहीस, दादा?”

“बोललो असतो तर तुम्ही दुसरा बघितला असतात.”

“आम्ही?” विनयाताई तडकल्या. मग त्यांनी करंज्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

शलाकाला आठवलं ते निराळंच. त्या जागी आमोस डोळे घट्ट मिटून मान वर करायचा. ती हातभर अंतरावर बसलेली असायची. तिला वाटायचं, काय तल्लीन होतो हा! तिनेच तसा एक फोटो काढला होता आणि तो त्यांच्या जाहिरातीवर छापला होता. निर्जीव पट्ट्याने जे नेमकं टिपलं, ते तिने वर्षभर शेजारी बसून ऐकलं आणि वर त्याची वाहवा केली. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. ‘दादा, दुखतंय का?’ एवढंच तर विचारायचं होतं.

घरी जाऊन तिने सवयबंदाच्या कंपनीला विचारलं, हा एवढा उशीर काढून टाकता येईल का? उत्तर तत्परतेने आलं. आदरपूर्वक कळवलं होतं की ती त्रुटी नसून वादकाची शैली आहे, आणि ती वगळल्यास नमुना मूळ वादकाचा राहणार नाही.

शलाकाने विनयाताईंना फोन केला. “रविवारी आमोसदादा वाजवेल. मी बंद आणणार नाही.”

“अगं, पण गाणं पडेल तिथे. मला माहीत आहे तो बरोबर आहे. पण माझा गळा आता त्या उशिरावर बसलाय, त्याला मी काय करू?”

“पडू दे. सवय लागेल.”

“माझी सवय कोण मोडणार या वयात?” विनयाताई म्हणाल्या, पण अखेर हो म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी द्राक्षमळ्याच्या हिरवळीवर खुर्च्या भरल्या. शलाकाचा डावा हात मोकळा होता, आणि बऱ्याच दिवसांनी तो फक्त आपले स्वर वाजवत होता. आमोस झकास वाजवत होता. हलका, नेटका, अगदी तरुणासारखा. पण पुढच्या रांगेतले लोक फोनमध्ये बघू लागले होते, आणि हे आमोसलाही दिसत होतं.

मुलीचं गाणं सुरू झालं. पहिल्या अंतऱ्यात ‘परत’ला विनयाताईंचा स्वर कापला. त्यांनी खोकल्याचं निमित्त करून सावरलं. घाबरलेल्या नजरेने त्यांनी आमोसकडे पाहिलं. दुसरा अंतरा जवळ येऊ लागला. शलाका मनात म्हणत होती, दादा, तू आपला वाजव, ताई सावरतील.

आमोसने डोळे घट्ट मिटले. मान वर केली. कपाळावर आठ्या आल्या, ओठ आवळले गेले, आणि स्वर मागून आला. नेमका तेवढाच मागून.

हिरवळीवरून ‘वा!’ उठली. विनयाताईंचा आवाज मोकळा झाला आणि गाणं शेवटपर्यंत तरंगत गेलं. कोणी रुमाल काढले. कार्यक्रम संपल्यावर लोक आमोसभोवती गोळा झाले. “तुमच्या हातात काय ठहराव आहे हो!” विनयाताईंनी तर त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. “आता कसा! आमचा आमोस परत आला.” त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि त्यामुळे शलाकाला त्यांच्यावर चिडताही येईना.

गर्दी पांगली. आमोस गिटार पुसत खुर्चीवर बसून होता. शलाका त्याच्यापाशी गेली. जे विचारायचं इतके दिवस राहून गेलं होतं ते तिने विचारलं.

“दादा, दुखलं का?”

“नाही ना,” आमोस म्हणाला. “दुखलं असतं तर सोपं गेलं असतं. मुद्दाम आठवावं लागलं.” त्याने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हात अगदी ठणठणीत होता. “आज एकदा केलं, ताईंसाठी. पुढच्या आठवड्यालाही करीन. पण हे रोज आठवत बसलो तर माझा चांगला हात मला आठवेल का?”

शलाकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“एकच सांग,” तो म्हणाला. “बरा झालेला आमोस तुम्हा दोघींना कधी ऐकायचा आहे का?”