बरणीतली बाई

“मादीच आहे कशावरून?”

प्रश्न मागून आला होता. तिनं वळूनही पाहिलं नाही. माशांच्या त्या अरुंद, ओलसर दुकानात फळीवर प्लास्टिकचे पेले ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक पेल्यात एकेक फायटर मासा मुकाट तरंगत होता. त्यातला एक पेला तिच्या हातात होता. आत करड्या-गुलाबी रंगाचा, आखूड पंखांचा, एवढासा जीव.

“वर लिहिलंय की. मादी.”

“लिहिणाऱ्यानं पाण्याबाहेरून लिहिलंय.”

आता मात्र तिनं वळून पाहिलं. उंच, जरासा वाकलेला माणूस. नाकावर चष्मा, तोही एका बाजूला कललेला.

“आणि मादी असली, तरी हिची जोडी लावू नका,” तो म्हणाला. “दुकानातल्या माशाचं वय कळत नाही, वाण कळत नाही...”

“अहो, मी मासा घेतेय. सोयरीक नाही जुळवत!”

“घरी नर आहे ना पण?”

“...आहे.”

“मग सोयरीकच झाली ही.”

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. आई झाल्यापासून सल्ले ऐकून तिचे कान किटले होते. बाळाला टोपी घाला, टोपी काढा, असं निजवा, तसं निजवू नका. त्यात आता हा एक! तिनं ठसक्यात पैसे दिले आणि पेला उचलला. पण दारापाशी पाऊल अडलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवणारी ती. तिरका चष्मा पाहून तसंच पुढे जाणं तिला जमेना.

“इकडे द्या तो.”

“काय?”

“चष्मा, हो! बघवत नाही मला.”

त्यानं निमूट काढून दिला. तिनं काडी तळहातात धरून ऊब दिली, अंगठ्यानं हलकेच वाकवली. चष्म्याविना त्याचे डोळे नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलासारखे दिसत होते. तिनंच चष्मा परत चढवला... कानामागच्या केसांना बोटं निसटती लागली.

“आता दिसतंय नीट?”

“आता...” तो तिच्याकडे पाहत म्हणाला, “आता बरंच काही दिसतंय.”

तिचे कान गरम झाले. पेल्यातलं पाणी उगाचच हिंदकळलं.

“मी कवळ्या बनवतो,” त्यानं मध्येच सांगितलं.

“अं?”

“दातांच्या. तुम्ही चष्मे सरळ करता, म्हणून म्हटलं आपलंही सांगावं.” मग फोन नंबर देत, “काही अडलं तर करा फोन. जोडी लावणारच असाल, तर निदान नीट लावू.”

जोडी लावायचा हट्ट खरं तर भिंगरीचा. भिंगरी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून ते नाव. तिचे बाबा दुसऱ्या गावात, दुसऱ्या संसारात रमले होते, आणि त्या घरात आता एक नवं बाळही आलं होतं. इकडे खिडकीजवळच्या टाकीत निळ्या नर माशानं पाण्यावर बुडबुड्यांचा पांढरा फेस रचला, तेव्हा भिंगरीनं काचेला नाक लावून विचारलं होतं, “आई, यानं पाळणा बांधलाय. मग आपल्याकडे बाळं कधी?”

‘नाही’ म्हणायला तिची जीभच उचलली नव्हती.

नवी मासोळी निळ्याच्या टाकीशेजारी बरणीत राहू लागली. दोघांनी आधी काचेतूनच एकमेकांना पाहायचं, असा त्यांच्यातला रिवाज! तिनं पहिला फोन केला तो पाणी किती कोमट हवं हे विचारायला. दुसरा खाण्याबद्दल. तिसऱ्या वेळी कारणच आठवेना, तर तो म्हणाला, “येऊनच बघतो ना.”

आणि मग तो येऊ लागला. संध्याकाळी, बाहीवर प्लास्टरची पांढरी धूळ घेऊन, हातात रिकाम्या बरण्या घेऊन. पिल्लांतले नर वाढले की भांडतात, प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. भिंगरीनं त्याचं ‘बरणीकाका’ असं बारसंच करून टाकलं. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, पाण्यातून गाळून छतावर थरथरायचं, आणि ते दोघं त्या हलत्या उजेडाखाली बसून माशांबद्दल बोलायचे. माशांबद्दलच.

“पिल्लं झाली की सुरुवातीला रोज लक्ष द्यावं लागतं,” तो एकदा म्हणाला.

“रोज?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ.” तो टाकीकडेच पाहत होता. “म्हणजे... मला यावं लागेल.”

रोज! तो एवढासा शब्द तिनं दिवसभर गालात लिमलेटच्या गोळीसारखा घोळवला. गिऱ्हाईकाला दूरचा चष्मा हवा होता, तिनं जवळचा दिला.

“मी आल्याशिवाय टाकीत सोडू नका हं तिला,” तो मात्र प्रत्येक फोनवर बजावायचा.

तिनं नाही ऐकलं. सुट्टीच्या दुपारी भिंगरीच्या तगाद्यापुढे हार मानून ती जाळी घेऊन बरणीपाशी गेली. मासोळी जाळीत आली, टाकीवर हात गेला... आणि बरणीच्या कडेला तिला काहीतरी पांढरं दिसलं. फेस. बारीक, नेटका, अगदी निळ्याच्या टाकीतल्यासारखा. पाळणा तर बाप बांधतो ना? तिनं जाळी पुन्हा बरणीत उलटी केली आणि फोन लावला.

तो धापा टाकतच आला. खिशातून दातांच्या कामाचा लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा काढला आणि बरणीला टेकवला. मासोळीनं आरशात पाहिलं, फुगली, आणि कल्ल्यांखाली गर्द काळी झालर ताठ उभी राहिली.

“दाढी!” भिंगरी किंचाळली.

“बाई नाहीत या,” तो हळूच म्हणाला. “बुवा आहेत. आखूड पंखांचे. लहानपणी कळत नाही.”

तिनं बरणी टाकीपासून लांब सरकवली. “मी आत्ता सोडत होते हो! एकमेकांना फाडून टाकलं असतं त्यांनी... सगळे म्हणतात मी उगाच घाबरते.”

“घाबरलात म्हणून वाचले दोघं. तुमची भीती डोळस आहे.”

असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

“मग बाळं?” भिंगरीचा ओठ बाहेर आला.

“दुसरी मादी आणता येईल. खरीखुरी.” तो तिच्याकडे वळला. “तुम्ही म्हणाल तसं.” मग जरा थांबून, “मी एकदा काढली होती पिल्लं. शेकड्यांनी. ओट्यावर बरण्या, पलंगाखाली बरण्या. आई म्हणाली, घरात एक तर हे राहतील, नाही तर मी. शेवटी दुकानात देऊन आलो. पुढच्या खेपेला गेलो तर सगळे फळीवर, त्या पेल्यांत. वळायलाही जागा नाही... अजून जातो. त्यातलं कुणी ओळखू येतंय का बघायला.”

‘हो’ तिच्या ओठांवर होतं. एक ‘हो’, आणि हा माणूस रोज या दारात! तिनं रिकाम्या बरण्यांकडे पाहिलं, कितीही मोजल्या तरी पुरणार नव्हत्या. आपल्याला कुणी घरी यावं असं वाटतं, म्हणून शेकडो जीव जन्माला घालायचे?

“नको,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “सगळ्यांना घर नाही देता यायचं आपल्याला.”

तो मान हलवून बरण्या गोळा करू लागला. एकेक करून, सावकाश... फारच सावकाश.

“मग बरणीकाका आता येणार नाही?”

भिंगरीनं विचारलं, आणि त्याचा हात शेवटच्या बरणीवर अडला.

“पिल्लं नकोत,” तिनं पदराशी चाळा करत म्हटलं. “पण तुम्ही... तुम्ही या. रोज.”

“कशासाठी?”

“आता तेही मीच सांगू?”

तो हसला, मग ओशाळला. “मला आठवडाभर शंका होती या मासोळीबद्दल. आरसा खिशातच होता. काढला नाही.”

“का?”

“कळलं असतं ना सगळं. मग यायला कारण काय उरलं असतं?”

“अहो! आणि मी सोडलं असतं तर?”

“म्हणून तर रोज फोन करत होतो!”

“लबाड,” ती म्हणाली. पण तो शब्द इतका मऊ निघाला, की भिंगरीनंही मान वर करून आईकडे पाहिलं.

दाढीवाले बुवा आता वयात येत होते, निळ्याला काचेतून पाहूनही दिवसभर फुगले असते, म्हणून तो त्यांना आपल्या घरी घेऊन निघाला. बाहेर पावसाची भुरभुर होती. छत्री नको म्हणाला; दोन्ही हात बरणीला. कोपऱ्यावर एकदा वळून पाहिलं, आणि दिसेनासा झाला.

त्याला जाऊन बराच वेळ झाला. भिंगरी जेवली, झोपली. ती खिडकीशीच उभी आहे, फोन मुठीत. पोचल्याचा निरोप अजून नाही. हात मोकळे नसतील, रस्ता निसरडा असेल, कुणी धक्का दिला असेल... तुम्ही त्याच बाजूला राहत असाल तर जरा डोकावून बघाल का? उंच आहे, थोडा वाकून चालतो, आणि छातीशी धरलेल्या बरणीशी बोलत असेल. नीट पोचला का, एवढंच बघा. आणि त्याला म्हणावं, ती जागी आहे.