डाव्या बाजूचे एक्केचाळीस किलो

गाडी वळणावर झोपते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक चालकाला मिस्त्री आधी एकच उत्तर द्यायचा, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ मग गाडी आत घ्यायचा आणि मुकाट्यानं दुरुस्त करून द्यायचा. शर्यतीच्या ट्रॅकला लागूनच त्याचं गॅरेज होतं. वळणावर गाडीचं अंग एका बाजूला कलंडतं ते कमी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण या खेपेला तक्रार त्याच्या लेकीची होती, आणि तिला असलं काही ऐकवायची त्याची छाती नव्हती.

लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. पंचविशी आली तरी नाव सुटलं नव्हतं.

“उजवीकडच्या लांब वळणावर गाडी डावीकडे झोपते, बाबा. आतलं चाक उचललं जातं. काल वाटलं, गेलेच.”

“गेलेच म्हणजे?”

“म्हणजे गेलेच. आईला सांगू नका.”

शनिवारी संघाच्या निवडीच्या फेऱ्या होत्या. तिला थांबवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. मिस्त्रीला निवडीचं काही सोयरसुतक नव्हतं. लेक त्या वळणावरून धडपणी परत यावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्या काळजीनं त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी सळई त्यानं काढली आणि जाड बसवली. स्प्रिंगही कडक घातल्या. डावीकडच्या वळणांवर गाडी सुतासारखी सरळ झाली. उजवीकडच्या लांब वळणावर मात्र तशीच झोपली. हे काही त्याला पटेना. सळई कधी डावं-उजवं करत नाही, ती दोन्हीकडे सारखंच धरते.

मग त्यानं चारी चाकांखाली चार वजनकाटे ठेवले. गॅरेजची फरशी त्यानं स्वतः पाण्याच्या नळीनं समपातळीत घेतलेली, तेव्हा अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती. गाडी तोलताना चालक आत बसवायचा असतो. रिकाम्या गाडीचे आकडे चोख होते. भिंगरी बसली. तिचं वजन चौपन्न किलो. एकूण आकडा चौपन्ननं वाढायला हवा होता. तो पंच्याण्णवनं वाढला. वरचे एक्केचाळीस डाव्या चाकांवर होते.

ती उतरली, पंच्याण्णव गेले. बसली, पंच्याण्णव आले. त्यानं काटे अदलून बदलून पाहिले, तारा बदलल्या, शेवटी स्वतः आत बसून पाहिलं. त्याच्या बाबतीत काट्यानं तोळाभरही खोटं सांगितलं नाही.

“भिंगरे, शेजारच्या सीटवर काही ठेवलंयस का?”

“काही नाही.” ती समोर बघत होती. “तिकडून जरा गार लागतं. पण बरं वाटतं.”

“कधीपासून?”

“आठवत नाही, बाबा. झोपेत आपल्या शेजारी कुणी आहे हे कळतं ना, तसं.”

मिस्त्रीनं पुढं विचारलं नाही. कारण सापडलं नाही तर आकडा जुळवून मोकळं व्हावं, अशी त्याची तीस वर्षांची रीत. बॅटरी त्यानं उजवीकडे हलवली, शिशाच्या पट्ट्या उजव्या बाजूला ठोकल्या, स्प्रिंगांच्या चकत्या वरखाली फिरवल्या. दुपारपर्यंत, भिंगरी आत असताना, डावं आणि उजवं तंतोतंत सारखं झालं.

शनिवारी, निवडीआधीच्या सरावाच्या फेरीला तो कठड्याशी उभा राहिला. ऊन दुधासारखं पांढरं होतं आणि ट्रॅक वाफेत तरंगत होता. गाडी लांब वळणात शिरली. काठोकाठ भरलेली घागर कुणी डोक्यावरून न्यावी, तशी ती गेली. कुठं कलली नाही. इंजिनाचा आवाजसुद्धा फार लांबून आल्यासारखा वाटला. मिस्त्रीला बघताना गुंगी आल्यासारखं झालं.

आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. त्या ओझ्याच्या भरवशावर त्यानं गाडी जुळवली होती. ते मध्येच उतरलं, तर पुढच्या डाव्या वळणावर उजवीकडचं शिसं गाडीला आडवं करणार. पुन्हा सगळं उलगडायला वेळ नव्हता. निवडीची शिट्टी झाली होती.

तो डाव्या दारातून आत वाकला आणि रिकाम्या सीटचा पट्टा त्यानं लावला.

“तिथं कोण बसणार आहे?” भिंगरीनं हसून विचारलं.

“सैल राहिला तर खडखडतो.”

पट्टा सीटवर पडायला हवा होता. तो वीतभर पुढं, अधांतरी राहिला.

 मिस्त्री हळूच पुटपुटला, “हिला सोडू नकोस.” आणि त्यानं दार लावलं.

भिंगरीची निवड झाली. सगळ्यांत कमी वेळ तिचाच. गाडी गॅरेजात आली तेव्हा मिस्त्रीच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. पुसत पुसतच, नेहमीच्या सवयीनं, त्यानं गाडी काट्यांवर घेतली. भिंगरी उतरली, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

आकडा उतरला नाही.

रिकाम्या गाडीत पंच्याण्णव किलो होते. एक्केचाळीस डावीकडे. चौपन्न उजवीकडे.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही.” कोपऱ्यात सुटे भाग तोलायचा काटा होता. तो त्यानं पायानं पुढं सरकवला. “जरा यावर उभी राहा.”

ती हसत चढली.

काट्यावर अर्धा किलो आलं. तिनं बाटली तोंडाला लावली तसा आकडा हळूहळू उतरू लागला.