फुग्यांच्या वासाची होडी

“धुराला फुग्यांचा वास येतोय!” व्हेरा ओरडली.

“भूक लागलीय तुला!” लवू हसला. मिठागरावर काम करणाऱ्या धर्माजींचा हा मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत उत्तनच्या किनाऱ्यावरच तळ ठोकून असायचा.

पण व्हेराचं नाक कधी चुकायचं नाही. लग्नात तळतात त्या मैद्याच्या गोल फुग्यांचाच वास! आणि येत होता तो कॉन्रॅडकाकांच्या होडीच्या इंजिनातून. ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, तेलटंचाईचं. डिझेल मिळेनासं झालेलं. व्हेराच्या बाबांची होडी वाळूत पडून होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. मग काकांचीच होडी कशी धावतेय?

“चला, बघूच!” तिचा धाकटा भाऊ पायस पळत सुटला.

काकांच्या माडाच्या सुक्या झापांच्या खोपटात चूल धडधडत होती. वर तेलाचं पातेलं, शेजारी स्पिरिटचा उघडा डबा!

“लग्नघरचं उरलेलं तेल हाय,” काका ऐटीत म्हणाले. “त्यात स्पिरिट नि साबणाचा कॉस्टिक सोडा घालायचा. गाळ खाली, इंधन वर!”

“काका, स्पिरिट चुलीजवळ? घरी स्टोव्ह पेटवताना कसं भपकन पेटतं!” व्हेरा म्हणाली.

“साबणाच्या कारखान्यात जन्म गेला माझा! साबण चुलीवरच शिजतो. मला नको शिकवू!”

खोपटाला लागूनच सगळी झापाची घरं. व्हेरानं पायसला डोळा मारला.

“काका! मांजरं तुमचे बोंबील पळवतायत!” पायस किंचाळला.

काका काठी घेऊन धावले. व्हेरानं डब्याचं झाकण घट्ट लावून तो दूर नेऊन ठेवला. लवूनं टोपलीभर वाळू चुलीत ओतली. फुस्स!

काका परतले ते लालबुंद होऊन. आरडाओरडा ऐकून बाबाही आले. व्हेराचं म्हणणं ऐकून त्यांनी मोकळ्या वाळूत करवंटीभर स्पिरिट ठेवलं आणि चिमट्यानं निखारा पुढे केला. निखारा अजून वीतभर लांबच, तोच भप्प!

काकांची मिशी थरथरली. “पण तेल गरम तर पायजे ना!”

“आमच्या मिठागरातल्या पाण्यात दुपारी पाय भाजतो,” लवू म्हणाला. “डबे त्यातच ठेवा की! चूल कशाला?”

काही दिवसांत इंधन तयार झालं. बाबांनी ते आपल्या होडीत ओतून इंजिन फिरवलं. टक्‌, टक्‌, टक्‌! होडी निघाली!

“डिझेलपेक्षा थोडं जास्त पितंय,” बाबा ओरडले, “पण धूर बघा, नावाला नाय!”

“शाबास रे पोरांनो!” काकांनी तिघांची पाठ थोपटली. “आजपासून माझ्या कारखान्याचा साहेब कोण, ठाऊक हाय? व्हेराचं नाक!”

तेवढ्यात होडीतून खलाशी ओरडले, “साहेब, खायला धाडा काय तरी! या वासानं भूक खवळली!”