बिननावाची ओळ

बाळासोनं कुबडी भिंतीला टेकवली आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडूनं नऊ घरं आखली.

"हिकडं माणसं. गुंडा, कोंडीबा, अर्जुना. वर जनावरं. म्हैस, शेळी, घोडी. ज्येला त्येला एकच. कोंडीबाच्या जनावराला शिंगं न्हाईत. गुंडाला धारंला घागर पुरत न्हाई. सांगा वहिनी, कुणाकडं काय?"

अंजना बरोबरची खूण करायला वाकली तसा त्यानं खडू मागं घेतला.

"काय हाय ते आदी बघायचं न्हाई. काय न्हाई ते बघायचं. न्हाई तितं फुली. फुल्या मारून जे घर उरंल, त्येच खरं."

तिनं फुल्या मारल्या. घोडी कोंडीबाकडं गेली, म्हैस गुंडाकडं. अर्जुनाबद्दल कोड्यात एक अक्षर नव्हतं, तरी शेळी आपोआप त्याच्या दारात येऊन उभी राहिली. अंजना कितीतरी वेळ त्या घराकडं बघत राहिली. ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, तोसुद्धा सापडतो तर.

हे फुल्यांचं कोडं बाळासो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात शिकला होता. पाय कापल्यावर शेजारच्या खाटेवरच्या मद्रासी नाईकानं वेड लागू नये म्हणून शिकवलं होतं. आता तो शेजारणीला शिकवत होता, तेही त्याच कारणासाठी.

अंजनाचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, त्याला आता तिसरं वर्ष होतं. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. एवढं साधं मराठी गावात कुणाला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तो पलटणीत निघाला तेव्हा हार घालायला जी माणसं पुढं होती, तीच आता पारावर बसून अंजनाच्या कुंकवाची चर्चा करत होती. आणि नानासो, तिचा धाकटा दीर, त्या सगळ्यांच्या पुढं. सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव होतं तोवर विहिरीकडचा ऊस त्याचा एकट्याचा होत नव्हता. म्हणून त्यानं ठरवलं, येत्या सोमवारी दर्भाचा माणूस करून जाळायचा. खरा सापडत नाही तर गवताचा. मग अंजनाच्या बांगड्या फोडायच्या, कागदावर सही घ्यायची आणि तिला मेढ्याला माहेरी धाडायचं. शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं. पण उसाला तेवढा धीर कुठला?

"बाळासो भावजी," ती म्हणाली, "तुमी तितं व्हता. त्येचंच कोडं मांडा की."

बाळासोनं आधीची घरं हातानं पुसली. मग त्यानं सोळा घरं आखली. वर जागा लिहिल्या: पूल, छावणी, तंबूतला दवाखाना, नदी. बाजूला पलटणीतल्यांची नावं: लालासाहेब, कृष्णात, तो स्वतः. चौथ्या ओळीपाशी त्यानं खडू तिच्याकडं दिला. तिनं त्या ओळीतली नावाची जागा कोरी ठेवली. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नसतं, लिहायचं तर नसतंच. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिनं मान खाली घालून पुटपुटलं होतं, तेवढंच.

लालासाहेब पुलावर पडला. कृष्णात छावणीत पहाऱ्याला होता. बाळासो दवाखान्यात. त्या तीन घरांत चौथ्याला फुल्या बसल्या.

"उरली नदी," अंजना म्हणाली. "तुमी बघितलं त्यास्नी नदीत?"

"न्हाई. दवाखान्याच्या दारातनं नदी दिसत व्हती, तिकडं त्या दिशी कुणी गेलंच न्हाई. मी शपतंवर सांगतो."

"मग तितंबी फुली."

सगळी ओळ फुल्यांनी भरली. बाळासोनं डोकं हलवलं. "असं होत न्हाई. एक घर मोकळं ऱ्हायलाच पायजे. एखादी जागा मांडायची ऱ्हायलीय. आणा हिकडं, त्येचं नाव तरी नीट घालतो."

त्यानं खडू टेकवला. खडू हलला नाही. बाळासो आधी हसला, मग त्याच्या कपाळाला घाम आला.

"काय वो वहिनी, काय त्येचं... दोन वर्सं एका तंबूत झोपलोय आमी."

अंजनाला वाटलं, दवाखान्यातल्या औषधांनी असं होत असेल. पण घरी आल्यावर तिनं कान दिला. जाऊ बनाबाई "थोरलं" म्हणायची. सासू "माजा ल्योक" म्हणायची. नानासो "आमचा त्यो" म्हणायचा. नाव कुणाच्याच तोंडात नव्हतं. ते कधीपासून नव्हतं, हे काही तिला आठवेना.

सोमवारी सकाळी अंगणात दर्भाचा माणूस पाटावर निजवला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. भावकी जमली होती. धोंडुबाई नावाची विधवा चुलतसासू बांगड्या फोडायला दगड घेऊनच बसली होती. पदर डोळ्याला लावून बसलेली सासू सोडली तर कुणाच्या चेहऱ्यावर दुःख असं नव्हतंच. जेवणाला किती उशीर होणार, याचीच काय ती काळजी.

भटजींनी पळीत पाणी घेतलं. "गोत्र सांगितलंत. आता नाव सांगा."

नानासोनं तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

"आरं, सांग की," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमीच सांगा, आण्णा," नानासो म्हणाला.

भावकीतल्या म्हाताऱ्या आण्णांनी घसा खाकरला आणि शेजाऱ्याकडं बघितलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. नानासो तरातरा आत गेला, ट्रंकेतला पलटणीचा कागद घेऊन आला. त्यानं ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले. पुन्हा हलले. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. काय वाचलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"नावाशिवाय पुढं जाता येत नाही," भटजी पळी खाली ठेवत म्हणाले.

सगळ्यांच्या माना अंजनाकडं वळल्या.

तिला नाव ठाऊक होतं. जिभेच्या मुळाशी ते अख्खं होतं. म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"मी कसं घिऊ, भावजी?" ती म्हणाली. "बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई. ह्या घरात आल्या दिशी आत्याबाईंनीच तोंडावर मारून शिकवलंय मला. आता गवत जाळायला मी शिकवण मोडू व्हय?"

भटजींनी पिशवी आवरली. भावकी चपला शोधू लागली. धोंडुबाईनं हातातला दगड तुळशीच्या कडेला टाकला. नानासो गोठ्यात जाऊन बैलांवर ओरडत राहिला. अंजनाच्या हातात बांगड्या शाबूत होत्या. तिला हसू येत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

दुपारी तिनं भाकरी टाकल्या. सासू चुलीसमोर पाट मांडत होती. नेहमीपेक्षा एक पाट जास्त होता.

"कोण यायचंय, आत्याबाई?"

"यायचंय काय? कवाचा बसलाय त्यो." सासूनं त्या पाटापुढं वाटी ठेवली. "दूध घाल. भाकरी कुस्कर त्यात."

अंजना दुधाचं भांडं हातात घेऊन थांबली. तिच्या नवऱ्याला दूध पोटात ठरत नसे. लहानपणापासून. चहासुद्धा कोरा घ्यायचा. हे जन्म देणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती.

"त्यास्नी दूध चालत न्हाई, आत्याबाई."

"आता चालतंय," सासू म्हणाली. सकाळी पदर डोळ्याला लावून बसलेल्या बाईचा आवाज नव्हता तो. निवांत होता. "घाल तू."

अंजनानं दूध ओतलं, भाकरी कुस्करली. पाटावर कुणी नव्हतं. चुलीतलं लाकूड फुटलं म्हणून तिनं मान वळवली आणि जाळ सारखा केला.

वळून बघितलं तर वाटी कोरडी होती. चाटूनपुसून.

बिननावाच्या जागी हा जो कोण येऊन बसला होता, त्याला उठवायचं तर खऱ्याला नावानं हाक मारायला हवी होती. अंजनानं लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

तोंडातून नुसता वारा आला; जिभेच्या मुळाशी आता काहीच नव्हतं.

सासूनं वाटी तिच्या पुढ्यात सरकवली. "अजून मागतोय," ती म्हणाली.