एर्सीलियाच्या बंदुकीचे घोडे

चोराने दुनळी बंदूक कपाटातच ठेवली आणि तिचे दोन घोडे तेवढे नेले. घोडे म्हणजे चाप ओढला की काडतुसावर आपटतात ते. त्यांच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी.

बोर्तोलोचा जन्म गार्दोनेच्या या बंदूकवाल्या खोऱ्यात गेला, पण असली बिनडोक चोरी त्याने ऐकली नव्हती. भाऊ वारल्यापासून त्याची वहिनी ओर्तेन्सिया लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायची आणि बोर्तोलो तिची गाडी चालवायचा.

बंदुकीचा मालक फाउस्तीनो, एके काळचा नळ्या घासणारा नामांकित कारागीर. आता हात असे थरथरत की कॉफी निम्मी बशीत सांडली. चुलीवर पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, करपली होती.

"घोडे मला रविवारच्या आत हवेत," तो म्हणाला. "रविवारी एर्सीलियाला जाऊन वर्ष होतं."

बायकोमागे तो एकटाच राहत होता. घर इतकं गप्प की बोर्तोलोला खाकरायचीही लाज वाटली. दाराशी कुत्रीचं भांडं कोरडं पडलं होतं. कुत्री कुठे, असं ओर्तेन्सियाने विचारल्यावर कळलं की ब्रीनाला त्याने पुतण्याकडे देऊन टाकलं, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हातारा थडग्यावर फुलं ठेवायला गेला असताना, घोडे गेले.

ओर्तेन्सियाने बंदूक खिडकीपाशी नेली. नळ्या फाउस्तीनोच्या आजोबांच्या हातच्या, शंभरावर वर्षं जुन्या. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र नंतरचा, आखूड आणि डाव्या खांद्यासाठी वाकवलेला. फाउस्तीनो तर उजव्या हाताने साखर ढवळत होता.

"लग्नाच्या वर्षी एर्सीलियासाठी बसवून घेतला," तो म्हणाला. "नेम माझ्यापेक्षा तिचाच चांगला."

घोड्यांचे पेच मात्र जागच्या जागी होते. घट्ट पिळलेले, खाचेवर ओरखडा नाही.

संशय घ्यायला माणसं दोनच. जुन्या बंदुकांचा व्यापारी रोवाती मागे एकदा ही बंदूक पाहून गेला होता. त्याने हात झटकले. दस्ता बदललेला, वर डावखुरा. फुकट दिली तरी नको, म्हणाला. बोर्तोलोला तो भलताच साळसूद वाटला.

पुतण्या चेल्सो बंदुकांच्या कारखान्यात घोडेच घासायचा. ब्रीना त्याच्या पायाशी पडून होती. काकांनी त्याच्याकडे नवे घोडे करून मागितले होते, पण काम फार आहे म्हणून तो टाळत होता. सांगताना त्याने मान वर केली नाही.

"व्यापारीच," गाडीत बोर्तोलोने निकाल देऊन टाकला.

"भावजी, तुम्ही आपली गाडी चालवा."

शनिवारी दुपारी तिने चेल्सोला काकाच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं.

"हाताने घासलेले घोडे दुसऱ्या बंदुकीला बसत नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे विकायला नेलेले नाहीत. आणि चोर पेच परत पिळत बसत नाही. ज्याला कधीतरी घोडे पुन्हा लावायचेत, तोच इतकी काळजी घेतो. हात शिकलेला, आणि नवे करून द्यायलाही तयार नाही. चेल्सो, हे तुझंच काम."

"पण कशासाठी?" बोर्तोलोला राहवेना.

ओर्तेन्सिया म्हाताऱ्याकडे वळली. "शिकार सप्टेंबरात सुरू होते. हा एप्रिल. शिकारीला जाणारा माणूस आधी कुत्री देऊन टाकत नाही. मग एर्सीलियाची बंदूक तुम्हाला उद्याच्या आत कशाला हवी होती, फाउस्तीनो?"

बोर्तोलोच्या आता लक्षात आलं. म्हाताऱ्याला ती बंदूक स्वतःवरच चालवायची होती.



"घर खायला उठतं," फाउस्तीनो म्हणाला.

"ब्रीनाला सोडायला आलात तेव्हा तिला कवटाळून बसला होतात, काका," चेल्सो रडवेला झाला. "मी घाबरलो. पण तुम्हाला विचारायचा धीर होईना."

त्याने खिशातून फडकं काढून टेबलावर उलगडलं. म्हाताऱ्याने घोडे उचलले, अंगठ्याने चाचपले, पुन्हा फडक्यात नीट गुंडाळले आणि पुतण्यापुढे सारले.

"तुझ्याकडेच राहू देत. ब्रीनाला तेवढी परत आण. उद्या तिलाही थडग्यावर नेऊ. आणि जेवायला थांबत जा रे अधूनमधून. एकट्यापुरती पोलेंता मला जमत नाही."

बोर्तोलो उठला आणि दाराशी पडलेलं कोरडं भांडं नळाखाली धुऊ लागला.